मिस्त्रीचा कान

माझे सासरे नट आवळायचे हातानं, पण तो आवळला गेला की नाही हे ठरवायचे कानानं. पाना बाजूला ठेवायचा आणि छोट्या हातोडीनं नटावर एक टिचकी मारायची. टण वाजला तर घट्ट, ठप वाजला तर ढिला. नगरात तेव्हा मोटारी मोजक्या, आणि त्या उघडून बसवणारे मिस्त्री त्याहून मोजके. त्यांच्यातही सासऱ्यांचा कान म्हणजे शेवटचा शब्द. तरुणपणी कॅम्पातल्या लष्करी वर्कशॉपात पंधरा-वीस वर्षं काढलेली, मग माळीवाड्याच्या वेशीबाहेर पत्र्याची शेड टाकली. शेडमागं दोन खोल्या. त्यात ते, त्यांची एकुलती एक मुलगी म्हणजे माझी बायको, आणि मी.

म्हणजे घरजावई. हा शब्द मी स्वतःच आधी उच्चारून टाकतो, म्हणजे दुसऱ्याला ती मजा मिळत नाही. तेव्हा मात्र मला तो सोसायचा नाही. स्टँडवर कुणी "काय घरजावई, आज सासऱ्यानं काय वाढलं?" असं विचारलं की मी बाह्या सरसावून उठायचो. दोनदा मारामारी झाली. एकदा तर मी मार खाऊन आलो आणि घरी सांगितलं की मोटारीचं हँडल उलटं बसलं.

लढाईचे दिवस होते. पेट्रोल कुपनावर, आणि कुपनं साहेबाच्या मर्जीवर. मी नगर-पाथर्डी सर्व्हिस मोटार चालवायचो. तिच्या पाठीला कोळशाची भट्टी बसवलेली होती. सकाळी तासभर भट्टी फुंकायची, पेट्रोलच्या एका घोटावर इंजिन चालू करायचं, आणि गॅस धरला की निघायचं. पाथर्डीहून परत येताना करंजीचा घाट आला की मोटारीचा दम उखडायचा. उतारू खाली उतरून चालायचे आणि चालता चालता माझ्या सात पिढ्या उद्धरायचे. सुट्या भागांचं तर नावच काढू नये. ज्या नटाला पिन हवी त्याला तार गुंडाळायची आणि देवाचं नाव घ्यायचं.

एक रीत मात्र त्या दिवसांतही कुणी मोडली नाही. इंजिन उघडून पुन्हा बसवलं की पहिल्या खेपेला उतारू घ्यायचे नाहीत, फक्त पोती. आणि ड्रायव्हरशेजारी स्वतः मिस्त्रीनं बसायचं, हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन. आपल्या कामावर आधी आपला जीव ठेवायचा, मग लोकांचा. त्या खेपेपुरता मोटारीचा धनी मिस्त्री. तो म्हणेल तिथं थांबायचं, तो म्हणेल तेव्हा निघायचं. मालकानंही मध्ये बोलायचं नाही.

दिवाळीनंतर सासऱ्यांनी माझ्या मोटारीचं इंजिन उघडलं, पिस्टन साफ केले, पुन्हा बसवलं. पहिल्या खेपेला रीतीप्रमाणं शेजारी बसले. पाथर्डीला जाऊन आलो, काही नाही. चौथ्या दिवशी घाट उतरताना मी पेडलवरचा पाय काढला आणि इंजिनातून आवाज आला. टिक. मग पुन्हा टिक. अगदी बारीक, चिमटीत धरल्यासारखा. पाय दिला की गायब, काढला की हजर. मागं उतारू गप्पा मारत होते, एक म्हातारी सुपारी कातरत होती. मला वाटलं तिच्या अडकित्त्याचा असेल. म्हातारी तिसगावला उतरली, आवाज उतरला नाही.

इंजिन खडखडायला लागलं तर ड्रायव्हरला एवढी भीती वाटत नाही. खडखड म्हणजे उघड भांडण, कारण सापडतं. ही टिकटिक वेगळी होती. दिवसातून दहा-बारा वेळा यायची आणि मी कान टवकारला की थांबायची. रात्री भाकरी खाताना, सकाळी दात घासताना मला ती ऐकू यायला लागली. आठ दिवसांत माझी झोप उडाली.

सासऱ्यांना सांगितलं. ते आले, इंजिन चालू करायला लावलं. त्यांच्याकडं वेताची एक काठी होती. तिचं एक टोक इंजिनाला आणि दुसरं कानाला लावून ते ऐकायचे. त्या दिवशी त्यांनी काठी कानाला लावली, मग जरा वेळानं काढली आणि दातांत धरली. डोळे मिटले. मी त्यांच्याकडं बघतोय हे त्यांना कळलं असावं, कारण त्यांनी पटकन काठी काढली.

"काय न्हाई," म्हणाले. "इंजिन कसं सुतासारखं चाललंय."

"मामा, हे बघा, आत्ता वाजलं!"

"तुमच्या डोक्यात वाजतंय, जावईबापू. जरा तेल घाला, मोटारीला न्हवं, तुमच्या टाळूला."

शेडमध्ये दोन गिऱ्हाइकं बसली होती, ती हसली. माझं डोकं सणकलं. म्हणालो, "टाळू माझी मी बघीन. घाटात मोटार गेली तर तुम्ही येणार का उचलायला?" ते शांतपणं हात पुसत राहिले. माझं शेवटचं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं हे मला त्या वेळी समजलं नाही. मला वाटलं, म्हातारा माझी किंमत करत नाही.

संध्याकाळी मी बायकोपुढं आगपाखड केली. ती शेडमध्येच वाढलेली. आई लहानपणीच गेली, तेव्हा बापानं तिला पाळण्याऐवजी टायरात निजवली असं लोक म्हणायचे. कुठला पाना पडला हे ती चुलीपुढं बसून आवाजावरून सांगायची. माझं सगळं ऐकून घेतलं आणि चूल फुंकता फुंकता म्हणाली, "आवाज हाय. म्या बी ऐकलाय."

"मग बोलली का नाहीस?"

"आबांचा कान गेलाय."

मी चुलीजवळ सरकलो.

"आखाडापासून गेलाय," ती म्हणाली. "आदी माज्या बांगड्या वाजल्या की मागं न बघता म्हनायचे, आली का ग चहा घेऊन? आता पाठीशी जाऊन हुबी ऱ्हायले तरी कळत न्हाई. जाडा आवाज येतो, बारीक येत न्हाई. काठी दातात धरत्यात, हाडातनं ऐकायला, बघितलंत न्हवं?"

आणि मग तिनं माझा हात धरला. "तुमी सांगू नका. त्यांच्याजवळ दुसरं काय हाय? हातोडी खाली ठेवली तर चार म्हयनं बी काढायचे न्हाईत. तुमाला माजी शपथ."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत झाली. सांगावं तर म्हातारा खचून जाणार. न सांगावं तर एक दिवस कुणाचा तरी जीव जाणार, कारण जो माणूस नट कानानं पारखतो त्याचा कान गेला म्हणजे त्यानं बसवलेलं प्रत्येक इंजिन संशयाचं. शहरात त्यांच्या हातची पाच-सहा इंजिनं फिरत होती. त्यातल्या एकावर मी रोज वीस-पंचवीस माणसं घेऊन घाट उतरत होतो.

चार दिवसांनी सासरे श्रीगोंद्याला गेले, बहिणीच्या नातीची सुपारी फोडायला. ते वेशीतून वळले तसं आम्ही शेडचं दार आतून लावून घेतलं. भर दुपार होती, पत्रा तापला होता. मी हँडल फिरवायला लागलो, सावकाश, आणि ती काठी इंजिनाला लावून ऐकत राहिली. झडप उघडणाऱ्या टॅपेटची टिकटिक असती तर हँडलच्या दोन फेऱ्यांना एकदा आली असती. टॅपेटनं कुणी मरत नाही. मी मनातल्या मनात तेच मागत होतो.

"दर फेऱ्याला येतीया," ती म्हणाली.

"नीट ऐक."

"नीटच ऐकतीया. दर फेऱ्याला."

मग इंजिन चालू केलं आणि एकेका प्लगची तार काढून बघितली. पहिली काढली, टिकटिक तशीच. दुसरी काढली, तशीच. तिसरी काढली आणि आवाज दबला. तिसरा सिलिंडर. इंजिन थंड होऊ दिलं. मी पोतं अंथरून खाली शिरलो, तेल काढलं, इंजिनाखालचं तेलाचं चेंबर उतरवलं. पिस्टनला खाली-वर नाचवणारा जो लोखंडी दांडा असतो, त्याच्या खालच्या टोकाला दोन नट असतात. तिसऱ्या दांड्याच्या एका नटाची तार तुटून तेलात पडली होती. मी नटाला बोट लावलं. पाना लावायची गरजच पडली नाही, बोटानंच फिरला. दोन आट्यांवर लोंबत होता.

मी तसाच उताणा पडून राहिलो. तो नट सुटला असता तर दांडा इंजिनाची भिंत फोडून बाहेर आला असता. घाटात उतरताना खरा आधार इंजिनाचाच असतो, ब्रेक आपले नावाला. बारा दिवस, रोज दोनदा, मी त्या दोन आट्यांवर घाट केला होता.

ती माझ्याशेजारी खाली सरकली, हातोडी घेतली आणि आठही नटांवर एकेक टिचकी मारली. टण, टण, ठप. आठांत तीन ठप निघाले. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पदरानं न पुसता ते नट मोजत होती. मी तिन्ही आवळले, नव्या तारा घातल्या, चेंबर बसवलं. तिन्हीसांजेला इंजिन चालू केलं. टिकटिक गेली होती.

तिसऱ्या दिवशी सासरे परत आले. ती हंडा घेऊन नळावर गेली होती. शेडमध्ये आम्ही दोघंच. त्यांनी टोपी काढून खुंटीला लावली, मोटार चालू करायला सांगितली, काठी लावून बराच वेळ ऐकलं. मग इंजिन बंद करायला लावून स्टुलावर बसले. मी त्यांना असं बसलेलं कधी बघितलं नव्हतं.

"सुपारीला बाया गानी म्हनत हुत्या," म्हणाले. "मला निस्ती त्वांडं हालताना दिसत हुती. येताना सारा रस्ता इच्यार करत आलो. खरं सांगा, जावईबापू. आवाज हुता का? हुता आसंल तर म्या आजच हातोडी ठिवतो. शेड तुमी चालवा. म्या बसंन तुमच्याजवळ, हत्यारं देत."

बघा, माणूस स्वतःहून विचारत होता. खचलेला नव्हता, चिडलेला नव्हता. मला फक्त "होता" एवढं म्हणायचं होतं. शब्द जिभेवर आला होता. आणि नेमकं तेव्हा माझ्या डोळ्यांपुढं स्टँडवरचं टोळकं आलं. उद्या तिथं काय बोलणं होईल ते मला तिथल्या तिथं ऐकू आलं: घरजावयानं म्हाताऱ्याला बहिरा ठरवला आणि शेड घशात घातली. बायकोची शपथ त्या क्षणी माझ्या मनात सुद्धा नव्हती. देवाशप्पथ नव्हती.

"नव्हता, मामा," मी म्हणालो. "तुमचंच खरं. माझ्याच डोक्यात वाजत होतं."

ते माझ्या तोंडाकडं बघत राहिले. मग हसले, उठले, माझ्या पाठीवर थाप मारली. पाच वर्षांत पहिल्यांदा. मला बरं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. बायको हंडा घेऊन आली तेव्हा ते शीळ घालत हत्यारं पुसत होते. तिनं माझ्याकडं बघितलं, मी नाही अशी मान हलवली. रात्री ती म्हणाली, "माज्या शब्दाला जागलात." मी कूस बदलली.

त्यानंतर आमचा एक चोरटा धंदा सुरू झाला. सासऱ्यांनी इंजिन बसवलं की ते जेवायला किंवा देवळात गेले की आम्ही दोघांपैकी कुणीतरी खाली शिरायचं आणि त्यांचे सगळे नट पुन्हा तपासायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची. पाच महिने निभावलं. सासऱ्यांचं काम उलट वाढलं. दुपारी ते गिऱ्हाइकांना सांगायचे, "आमचा जावई म्हनतो, मामा, तुमचा कान म्हंजी कान हाय." मी तिथून उठून जायचो.

चैतात माझी बायको बाळंत झाली. मुलगी झाली. सोयर होतं, दहा दिवस तिला शेडमध्ये पाऊल टाकायचं नव्हतं. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका मालकाची सर्व्हिस मोटार आमच्याकडं उघडलेली होती. माझा मुक्काम पाथर्डीला पडणार होता, म्हणून मी निघताना सासऱ्यांना हातवारे करकरून विचारलं, ही कधी जाणार? परवा, म्हणाले. मी म्हटलं, चला, उद्या दुपारी आल्यावर बघता येईल. पण पाथर्डीच्या बाजाराचा दिवस होता, मालकाला घाई होती. तो सकाळीच आला आणि मोटार मागितली. सासऱ्यांनी नटांवर टिचक्या मारल्या, पोती चढवून घेतली आणि पिशवी मांडीवर घेऊन शेजारी बसले.

मी पाथर्डीहून परत येत होतो. घाटाच्या मध्यावर नेहमीसारखा दम संपला. उतारू पुढं चालत गेले, मी वळणावर मोटार उभी करून, चाकाला दगड लावून, इंजिन बंद केलं. ऊन रणरणत होतं. वारा पडला होता, पाखरू सुद्धा बोलत नव्हतं. आणि वरच्या वळणाआडून टिक आलं. टिक. टिक. मोटार दिसायच्या आधी मला ती टिकटिक ऐकू आली.

मोटार वळणातून आली तसा मी रस्त्यात मधोमध दोन्ही हात वर करून उभा राहिलो. ड्रायव्हरनं वेग कमी केला. सासऱ्यांनी बाहेर डोकं काढलं, मला बघून त्यांचा चेहरा खुलला.

"थांबवा!" मी ओरडलो. "मामा, नट सुटलाय! उतरा खाली!"

त्यांना माझं तोंड हलताना दिसलं. त्यांना वाटलं, मी इंजिनाची चौकशी करतोय. त्यांनी आपल्या कानाला बोट लावलं आणि पंजा हलवून दाखवला: काय आवाज न्हाई. मग ड्रायव्हरच्या खांद्यावर हात मारला. चल. ड्रायव्हरनं माझ्याकडं बघितलं, त्यांच्याकडं बघितलं. पहिली खेप होती, धनी मिस्त्री. माझ्या अंगाला चाटून मोटार पुढं गेली. मी मागं धावलो, शिव्या देत, रडत, दगड फेकत. शंभर पावलांवर टिकटिकीची ठोकठोक झाली आणि मग इंजिन फुटल्याचा आवाज आला. ड्रायव्हरनं उडी मारली. सासऱ्यांनी मारली नाही. मोटार खालच्या वळणावर कठडा फोडून गेली.

तिसऱ्या प्रहरी त्यांना घरी आणलं. बायको अंधाऱ्या खोलीत बाजेवर बसली होती, आठ दिवसांची पोर मांडीवर. मी काही सांगायच्या आधीच ती बोलायला लागली. सकाळी इंजिन चालू झालं तेव्हा तिनं भिंतीआडून टिकटिक ऐकली होती. आबा, आबा म्हणून दोनदा हाका मारल्या होत्या. तेल लावणारी बाई म्हणाली, ओली बाळंतीण तू, वारा लागंल, गप पड. ती उठून दारापर्यंत गेली तेव्हा शेड रिकामी होती.

"आबांना म्याच मारलं," ती म्हणाली. "तुमी सांगनार हुता. म्याच शपथ घातली. माज्या शब्दापायी तुमी खोटं बोललात."

मी तिच्यापुढं बसलो होतो. म्हणायला हवं होतं की नाही ग बाई, त्यांनी मला सरळ विचारलं होतं, तू नळावर गेली होतीस, मी तुझ्यासाठी खोटं बोललो नाही, स्टँडवरच्या चार टवाळांसाठी बोललो. बाहेर माणसं जमली होती. त्यांतले दोघं-तिघं स्टँडवरचेच होते.

"जाऊ दे आता," मी म्हणालो.

ती त्यानंतर चाळीस वर्षं जगली. शेवटच्या दुखण्यातसुद्धा बापाची माफी मागत होती, आणि मी उशाशी बसून तिला पाणी पाजत होतो.